कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्व आणि बीड जिल्हा

कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्व म्हणजे उद्योगसंस्थेने भागधारकांच्या नफ्यापलीकडे जाऊन कामगार, ग्राहक, परिसरातील जनता व पर्यावरण यांच्याविषयीची आपली जबाबदारी मान्य करून ती पार पाडणे होय. व्यवहारात या संकल्पनेला ‘सीएसआर’ आणि त्यासाठी खर्च होणाऱ्या रकमेला ‘सीएसआर निधी’ किंवा ‘सामाजिक दायित्व निधी’ असे म्हटले जाते. भारतात कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आर्थिक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना हा खर्च बंधनकारक आहे. मराठवाड्यातील बीड जिल्ह्याच्या संदर्भात या संकल्पनेची व्याप्ती आणि मर्यादा दोन्ही ठळकपणे दिसतात. येथे मोठ्या कंपन्या थोड्या आहेत, साखर उद्योगाचा मोठा भाग सहकारी आहे आणि येथील श्रमशक्ती दरवर्षी हंगामापुरती अन्य जिल्ह्यांत व परराज्यांत जाते.

संकल्पना

उद्योगपतीचे समाजाप्रती काही दायित्व असते, या विचाराची आधुनिक मांडणी अमेरिकन अर्थतज्ज्ञ हॉवर्ड बोवेन यांनी १९५३ मध्ये केली. मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये याच्या विरुद्ध भूमिका घेतली. कायद्याच्या चौकटीत राहून नफा वाढवणे हेच उद्योगाचे सामाजिक दायित्व आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आर्ची कॅरोल यांनी १९९१ मध्ये या दायित्वाचे चार थर कल्पिले. तळाशी आर्थिक, त्यावर कायदेशीर, त्यावर नैतिक आणि शिखरावर परोपकारी, अशी त्यांची रचना ‘कॅरोल यांचा पिरॅमिड’ म्हणून ओळखली जाते. या मांडणीत दानधर्म हा सर्वांत वरचा, म्हणजे बाकीचे तीन थर भरल्यानंतरचा भाग आहे.

विकसनशील देशांत हा क्रम बदललेला आढळतो, असे वेन व्हिसर यांनी दाखवून दिले. शाळा, दवाखाना, पाणी आणि रस्ता या मूलभूत सोयी जेथे अपुऱ्या असतात, तेथे लोक उद्योगाकडून प्रथम याच गोष्टींची अपेक्षा करतात. त्यामुळे आर्थिक थराच्या लगेच वर परोपकार येतो आणि कायद्याचे पालन व नैतिक आचरण मागे पडते. एखाद्या कंपनीने बांधलेली शाळेची खोली सर्वांना दिसते. तिने कंत्राटी कामगाराला किमान वेतन दिले की नाही, हे मात्र सहसा कोणाच्या नजरेस येत नाही.

पूर्वपीठिका

भारतीय समाजात व्यापाऱ्यांनी धर्मशाळा, पाणपोया, अन्नछत्रे व पाठशाळा चालवण्याची परंपरा जुनी आहे. औद्योगिक काळात या परंपरेला संस्थात्मक रूप आले. जमशेटजी टाटा यांनी नागपूर येथे १८७७ मध्ये सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघात नुकसानभरपाईची योजना लागू झाली. त्या वेळी अशी तरतूद करण्याची कोणतीही कायदेशीर सक्ती नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये तत्कालीन औंध संस्थानच्या हद्दीत किर्लोस्करवाडी वसवली. तेथे कारखान्याबरोबरच कामगारांच्या वस्तीचाही विचार झाला होता. दोन्ही उदाहरणांत प्रथम कारखान्यात काम करणाऱ्या माणसाचा विचार झाला, ही बाब आजच्या कायद्याच्या संदर्भात महत्त्वाची ठरते.

महात्मा गांधींनी मांडलेल्या विश्वस्त संकल्पनेनुसार धनिक हा संपत्तीचा मालक नसून समाजाच्या वतीने तिचा सांभाळ करणारा विश्वस्त असतो. वर्धा येथील उद्योगपती जमनालाल बजाज यांच्या कार्यावर या विचाराचा प्रभाव होता.

सहकारी साखर कारखानदारीची परंपरा महाराष्ट्रात वेगळ्या दिशेने वाढली. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे राज्यभर उभ्या राहिलेल्या अशा अनेक कारखान्यांच्या परिसरात शाळा, महाविद्यालये, रुग्णालये व पाणीपुरवठ्याच्या योजना निर्माण झाल्या. त्यांचा पहिला लाभ ऊस उत्पादक सभासद व त्यांच्या गावांना मिळाला.

भारतातील कायदेशीर तरतूद

केंद्रीय कंपनी कामकाज मंत्रालयाने २००९ मध्ये ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानंतर कंपनी अधिनियम, २०१३ संमत झाला आणि त्यातील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. नफ्याचा भाग सामाजिक कामासाठी खर्च करण्याचे कायदेशीर बंधन त्यापूर्वीही काही देशांत होते. इंडोनेशियाने २००७ मध्ये नैसर्गिक साधनसंपत्तीशी संबंधित कंपन्यांसाठी आणि मॉरिशसने २००९ मध्ये तशी तरतूद केली होती.

पात्रतेचे निकष तीन आहेत: लगतच्या आधीच्या आर्थिक वर्षात ५०० कोटी रुपये किंवा अधिक निव्वळ मूल्य, १,००० कोटी रुपये किंवा अधिक उलाढाल, अथवा ५ कोटी रुपये किंवा अधिक निव्वळ नफा. यांपैकी कोणताही एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्च करावयाची असते.

उदाहरणार्थ, एखाद्या कंपनीला सलग तीन वर्षांत ६, ९ आणि १२ कोटी रुपये निव्वळ नफा झाला, तर तिची सरासरी ९ कोटी रुपये येते. त्याचे २ टक्के म्हणजे १८ लाख रुपये तिला पुढील वर्षी खर्च करावे लागतील. सर्वसाधारणपणे यासाठी संचालकांची समिती नेमणे आवश्यक असते. मात्र खर्चाची रक्कम ५० लाख रुपयांपेक्षा अधिक नसल्यास समितीचे काम संचालक मंडळच पाहू शकते. प्रशासकीय खर्चास एकूण खर्चाच्या ५ टक्क्यांची मर्यादा आहे. वरील उदाहरणात ती ९० हजार रुपये होते.

कोणत्या कामांवर खर्च करता येतो, हे अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीत दिले आहे. भूक व दारिद्र्य निर्मूलन, आरोग्य, स्वच्छता, पिण्याचे पाणी, शिक्षण, स्त्री-पुरुष समानता, पर्यावरण, सांस्कृतिक वारसा, क्रीडा, ग्रामविकास व आपत्ती व्यवस्थापन ही त्यांतील प्रमुख क्षेत्रे होत. पुढील खर्च यात धरला जात नाही:

• कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेली कामे
• केवळ कंपनीच्या कर्मचाऱ्यांना लाभ देणारी कामे
• राजकीय पक्षांना दिलेल्या देणग्या
• जाहिरातीच्या हेतूने दिलेले प्रायोजकत्व
• अन्य कायद्याने बंधनकारक असलेली कामे

कायदा लागू झाल्यावर पहिली काही वर्षे ‘खर्च करा अथवा न करण्याचे कारण सांगा’ हे सूत्र होते. २२ जानेवारी २०२१ पासून नियम कडक झाले. चालू प्रकल्पाची शिल्लक रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत स्वतंत्र बँक खात्यात जमा करून पुढील तीन आर्थिक वर्षांत खर्च करावी लागते. अन्य शिल्लक रक्कम सहा महिन्यांत अनुसूचीत नमूद केलेल्या निधीत भरावी लागते. तसे न केल्यास कंपनीला हस्तांतरित करावयाच्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढा दंड होतो.

कंपन्यांनी २०१४-१५ या पहिल्या वर्षी देशभरात सुमारे १०,००० कोटी रुपये खर्च केले. २०२२-२३ मध्ये हा आकडा ३०,००० कोटी रुपयांच्या जवळपास पोहोचला. राज्यनिहाय खर्चात महाराष्ट्र आघाडीवर राहिला आहे.

निधी गावापर्यंत पोहोचण्याची प्रक्रिया

‘सीएसआर निधी’ हा शासनाच्या तिजोरीत जमा होऊन वाटला जाणारा निधी आहे, असा एक सार्वत्रिक गैरसमज आढळतो. प्रत्यक्षात ही रक्कम कंपनीकडेच असते. ती कोठे व कशावर खर्च करायची, याचा निर्णय कंपनीचे संचालक मंडळ घेते. शासनाला विशिष्ट कामासाठी रक्कम देण्याचा आदेश कंपनीला देता येत नाही.

कंपनी हे काम स्वतः करू शकते किंवा नोंदणीकृत सार्वजनिक न्यास, संस्था अथवा ना-नफा कंपनीमार्फत करवून घेऊ शकते. कंपनीशी संबंध नसलेल्या खाजगी संस्थेला अशा प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि आयकर कायद्याखालील नोंदणी लागते. १ एप्रिल २०२१ पासून अशा संस्थांना कंपनी कामकाज मंत्रालयाकडेही ‘सीएसआर-१’ या नमुन्यात नोंदणी करावी लागते. या निधीतून उभी राहिलेली इमारत किंवा यंत्रसामग्री कंपनीच्या मालकीची राहत नाही. ती धर्मादाय संस्था, लाभार्थींचा गट किंवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्या नावे करावी लागते.

या अटींमुळे निधीचा गैरवापर रोखण्यास मदत होते, पण त्याचा एक परिणाम दुर्लक्षिला जातो. प्रस्ताव तयार करणे, लेखापरीक्षण ठेवणे आणि कंपनीच्या कार्यालयाशी संपर्क राखणे ज्यांना जमते, अशा संस्था शहरांत अधिक असतात. गरज सर्वाधिक असलेल्या गावात अशी संस्था असेलच असे नाही. त्यामुळे निधीचा प्रवाह गरजेपेक्षा संपर्काच्या मार्गाने वाहण्याची शक्यता असते.

बीड जिल्ह्याची स्थिती

बीड जिल्ह्यात ११ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५,८५,०४९ आहे. जिल्ह्याचा बराच भाग अवर्षणप्रवण आहे. शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून असून कापूस, सोयाबीन, ज्वारी व बाजरी ही प्रमुख पिके आहेत. सिंदफणा नदीवरील माजलगाव धरणामुळे माजलगाव परिसरात ऊसशेतीचा विस्तार झाला.

माजलगाव आणि धारूर तालुक्यांच्या सीमाभागात, तेलगावहून सिरसाळामार्गे परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिंद्रुड हे गाव आहे. जवळच्या तेलगाव येथे सहकारी साखर कारखाना आहे. एकीकडे ऊस पिकवणारे सिंचित क्षेत्र आणि दुसरीकडे ऊस तोडण्यासाठी घर सोडणारी कोरडवाहू गावे व तांडे, असे दुहेरी चित्र या पट्ट्यात आढळते.

कलम १३५ नुसार कंपनीने आपल्या कामकाजाच्या परिसरास खर्चात प्राधान्य द्यावयाचे असते. हे प्राधान्य मार्गदर्शक असून सक्तीचे नाही, असे मंत्रालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. तरीही व्यवहारात कंपन्यांचा कल जवळच्या परिसराकडे राहतो. महाराष्ट्रातील मोठ्या कंपन्यांची कार्यालये व कारखाने प्रामुख्याने मुंबई, ठाणे, पुणे आणि अन्य औद्योगिक शहरांभोवती एकवटले आहेत. ज्या जिल्ह्यात उद्योग कमी, तेथे शेजारधर्म म्हणून येणारा निधीही कमी, असा हा तर्क आहे. उद्योगांच्या अभावामुळे जो जिल्हा मागे राहिला, तो त्याच कारणाने या निधीपासूनही दूर राहतो.

हा असमतोल कमी करण्यासाठी २०१८ मध्ये केंद्र शासनाने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांकडे कंपन्यांचे लक्ष वेधण्यात आले. महाराष्ट्रातील नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि तत्कालीन उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या चार जिल्ह्यांचा त्यात समावेश झाला. लगतचा धाराशिव जिल्हा यादीत असला, तरी बीडचा समावेश नाही.

साखर उद्योग आणि कायद्याची कक्षा

कलम १३५ केवळ कंपन्यांना लागू होते. सहकारी साखर कारखाने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेले असतात. त्यामुळे त्यांची उलाढाल कितीही मोठी असली, तरी २ टक्के खर्चाचे हे बंधन त्यांच्यावर येत नाही. त्याच परिसरातील खाजगी कारखाना कंपनी म्हणून नोंदलेला आणि निकषात बसणारा असल्यास मात्र त्याला ते लागू होते. सरकारी कंपन्याही या कक्षेत येतात. परळी येथील औष्णिक विद्युत केंद्र चालवणारी महानिर्मिती ही राज्य शासनाची अशीच कंपनी आहे.

सहकारी कारखान्याला हे बंधन नसण्यामागे एक युक्तिवाद आहे. सहकारी संस्था मुळात सभासदांच्या कल्याणासाठीच असल्याने तिला वेगळ्या सामाजिक दायित्वाची गरज नाही, असा तो युक्तिवाद होय. मात्र येथे सभासद म्हणजे ऊस उत्पादक शेतकरी. ऊस तोडणारा मजूर सहकारी कारखान्याचा सभासद नसतो, खाजगी कारखान्याचा भागधारक नसतो आणि दोन्हींच्या हजेरीपटावर कर्मचारी म्हणूनही त्याचे नाव नसते.

ऊसतोड मजूर

बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो मजूर ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांच्या क्षेत्रात जातात. साधारणतः दसरा-दिवाळीच्या सुमारास स्थलांतर सुरू होते. गाळप हंगाम संपेपर्यंत, म्हणजे पाच ते सहा महिने ही कुटुंबे घराबाहेर असतात. पती-पत्नीची जोडी मिळून ‘एक कोयता’ मानला जातो व मजुरी जोडीच्या हिशेबाने ठरते. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम ‘उचल’ म्हणून ओळखली जाते. ती तोडलेल्या उसाच्या टनांतून फेडायची असते. एखाद्या दिवशी काम चुकले तर त्याला ‘खाडा’ म्हणतात आणि त्याबद्दल पैसे कापले जाण्याची पद्धत आहे. उचल फिटली नाही, तर शिल्लक रक्कम पुढील हंगामाच्या नावे लिहिली जाते.

कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार कंत्राटदाराशी किंवा मुकादमाशी करतो आणि मुकादम मजुरांशी व्यवहार ठरवतो. त्यामुळे मजूर कोणासाठी काम करतो, हे उघड असले, तरी तो कोणाचा कामगार आहे, या प्रश्नाचे उत्तर कागदावर अस्पष्ट राहते. फडाजवळ किंवा कारखान्याच्या अड्ड्यावर पाचट, बांबू व प्लास्टिकच्या कागदाने उभारलेल्या कोपीत कुटुंब राहते. शुद्ध पाणी, शौचालय, वीज, पाळणाघर व शाळा यांची उणीव सर्वत्र जाणवते. मुले आईवडिलांबरोबर गेल्यास त्यांचे शिक्षण खंडित होते आणि मुलींच्या अल्पवयीन विवाहाशीही या स्थलांतराचा संबंध जोडला जातो.

महिलांच्या आरोग्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर चर्चिला गेला. जिल्ह्यातील ऊसतोड महिलांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याची वृत्ते प्रसिद्ध झाल्यानंतर शासनाने विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ महिलांची, म्हणजे सुमारे १७ टक्के महिलांची अशी शस्त्रक्रिया झाली असल्याचे आढळले. खाजगी रुग्णालयांतील अशा शस्त्रक्रियांपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची पद्धत जिल्ह्यात लागू करण्यात आली. कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृहाचा अभाव, उपचारासाठी रजा न मिळणे आणि खाड्याची भीती या बाबींचा या प्रश्नाशी असलेला संबंध अभ्यासक व कार्यकर्त्यांनी निदर्शनास आणला.

पुरवठा साखळी आणि मोठे खरेदीदार

साखर कारखान्यातून बाहेर पडलेली साखर शीतपेये, बिस्किटे, मिठाई व औषधे तयार करणाऱ्या कंपन्यांपर्यंत जाते. या कंपन्या कायद्यानुसार २ टक्के खर्च करतात, पण फडातील मजूर त्यांच्यापासून अनेक पायऱ्या दूर असतो. मजूर, मुकादम, कारखाना, व्यापारी आणि उत्पादक कंपनी अशी ही साखळी आहे. प्रत्येक पायरीवर जबाबदारी मागील पायरीकडे ढकलता येते.

मार्च २०२४ मध्ये ‘द न्यूयॉर्क टाइम्स’ने ‘द फुलर प्रोजेक्ट’ या संस्थेसमवेत महाराष्ट्रातील ऊसतोड महिलांविषयी शोधवृत्त प्रसिद्ध केले. कोका-कोला व पेप्सिको यांसारख्या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या पुरवठा साखळीत येणाऱ्या साखरेमागे कर्जबाजारीपणा, बालविवाह व गर्भाशय शस्त्रक्रिया यांचे दुष्टचक्र असल्याचे त्यात मांडण्यात आले. त्यामुळे खरेदीदार कंपनीची जबाबदारी कोठपर्यंत पोहोचते, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय पातळीवर पुढे आला.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने २०११ मध्ये मान्य केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कंपनीने आपल्या व्यवहारांशी जोडलेल्या मानवी हक्कांच्या हानीचाही विचार करणे अपेक्षित आहे. जर्मनीचा पुरवठा साखळीविषयक कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला आणि युरोपीय संघाने २०२४ मध्ये याच विषयावर निर्देश संमत केला. भारतात २०१९ मध्ये जबाबदार व्यवसाय आचरणाची नऊ राष्ट्रीय तत्त्वे जाहीर झाली. त्यांवर आधारित अहवाल देणे सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून बंधनकारक केले. हा अहवाल खर्चापुरता मर्यादित नसून कंपनीच्या आचरणाविषयी माहिती मागतो.

जिल्ह्यातील उपक्रम

बीड जिल्ह्यात सामाजिक कार्याची परंपरा कंपनी कायद्यातील तरतुदीपेक्षा जुनी आहे. अंबाजोगाई येथे डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेली ‘मानवलोक’ ही संस्था जलसंधारण, शेती व महिलांच्या प्रश्नांवर काम करते. शिरूर कासार तालुक्यातील आर्वी येथील ‘शांतिवन’ या प्रकल्पात ऊसतोड मजुरांच्या तसेच आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलांच्या निवासाची व शिक्षणाची सोय आहे. २०१३ च्या दुष्काळात भारतीय जैन संघटनेने जिल्ह्यातील तलावांचा गाळ काढण्याचे मोठे काम केले. २०१५ मध्ये अभिनेते नाना पाटेकर व मकरंद अनासपुरे यांनी ‘नाम फाउंडेशन’ सुरू केले. २०१६ मध्ये ‘पानी फाउंडेशन’ने घेतलेल्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेसाठी राज्यातील तीन तालुके निवडण्यात आले. अंबाजोगाई हा त्यांतील एक होता, तर वरुड व कोरेगाव हे अन्य दोन होते.

जलसंधारणाच्या अशा कामांत श्रमदान गावाचे आणि यंत्रे, इंधन किंवा प्रशिक्षणाचा खर्च संस्था, देणगीदार व कंपन्यांचा, अशी विभागणी राज्यात रूढ झाली. नाला खोलीकरण, गाळ काढणे व शेततळी ही कामे मोजता येतात आणि एका आर्थिक वर्षात पूर्ण होतात. त्यामुळे कंपन्यांचा कल त्यांच्याकडे असणे स्वाभाविक आहे. पाण्याची सोय झाल्यास दुबार पीक शक्य होऊन स्थलांतर कमी होऊ शकते, म्हणून ही कामे महत्त्वाचीच आहेत. मात्र साठलेल्या पाण्यावर पुन्हा उसाचेच क्षेत्र वाढले, तर भूजलावरील ताण कायम राहतो, अशी चिंता व्यक्त होते. भूमिहीन मजुराला या पाण्याचा थेट लाभ मिळेलच, असेही नाही.

शासकीय उपाययोजना

ऊसतोड मजुरांसाठी राज्य शासनाने लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन केले. महामंडळासाठी साखर कारखान्यांनी गाळप केलेल्या उसावर प्रतिटन १० रुपये द्यावेत आणि तेवढीच रक्कम शासनाने घालावी, असे सूत्र ठरले. मजुरांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेअंतर्गत राज्यातील ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर झाली. जानेवारी २०२४ मध्ये मजूर संघटना व साखर संघ यांच्यातील वाटाघाटींनंतर तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य करण्यात आली.

प्रतिटन आकारणीचे हे सूत्र कलम १३५ पेक्षा तीन बाबतींत भिन्न आहे. ते सहकारी व खाजगी दोन्ही कारखान्यांना लागू होते. नफा झाला की तोटा, यावर ते अवलंबून नसते, कारण आकारणी उसाच्या वजनावर होते. तसेच रक्कम कोणासाठी खर्च करायची, हे आधीच निश्चित असते. ज्याच्या श्रमातून ऊस कारखान्यापर्यंत येतो, त्याच्याशी निधीचा थेट संबंध येथे जोडलेला आहे.

मूल्यमापन

कलम १३५ मुळे सामाजिक कामासाठी मोठी व नियमित रक्कम उपलब्ध झाली आणि तिचा हिशेब सार्वजनिक झाला, हे या कायद्याचे मोठे यश मानले जाते. गेल्या तीन वर्षांत सरासरी १० कोटी रुपये किंवा अधिक दायित्व असलेल्या कंपन्यांना १ कोटी रुपये किंवा अधिक खर्चाच्या प्रकल्पांचे परिणाम त्रयस्थ संस्थेकडून तपासून घ्यावे लागतात. याउलट, शासनाने करावयाची कामे कंपन्यांच्या मर्जीवर सोपवली जातात, खर्च विकसित भागांत एकवटतो आणि प्रसिद्धीला अनुकूल कामे निवडली जातात, अशी टीका होते.

बीड जिल्ह्याच्या अनुभवातून पुढे येणारा आक्षेप याहून मूलभूत आहे. कायदा नफा झाल्यानंतर त्याचा किती भाग खर्च केला, हे विचारतो. नफा मिळवताना कोणाला किती किंमत मोजावी लागली, हा प्रश्न कलम १३५ च्या कक्षेबाहेर राहतो. ऊसतोड मजुरांच्या अड्ड्यावरील नळ, शौचालय किंवा पाळणाघर यांचे उदाहरण घेतल्यास हा फरक स्पष्ट होतो. मजुराला कारखान्याचा कंत्राटी कामगार मानले, तर पाणी व स्वच्छतागृहासारख्या सोयी हे कायदेशीर कर्तव्य ठरते. मग ती सामाजिक दायित्वाच्या खर्चात दाखवता येत नाही. कंत्राटी कामगार अधिनियम, १९७० आणि आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम, १९७९ यांमध्ये अशा सोयींची तरतूद होती. हे दोन्ही अधिनियम पुढे २०२० मध्ये संमत झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत समाविष्ट करण्यात आले. मजुराला केवळ मुकादमाचा माणूस मानले, तर तोच नळ आणि तेच शौचालय देणगी ठरते. देणगी एका वर्षी मिळते आणि दुसऱ्या वर्षी बंद होऊ शकते. हक्क मात्र मागता येतो व नाकारल्यास त्याविरुद्ध दाद मागता येते.

त्यामुळे दिंद्रुडसारख्या गावांच्या परिसरात कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचे मोजमाप केवळ बांधलेल्या खोल्या, खोल केलेले नाले किंवा वाटलेली दप्तरे यांवरून करणे अपुरे ठरते. मजुराची नोंद कोणाच्या नावे होते, उचलीचा हिशेब लेखी मिळतो का, आजारपणाचा दिवस खाडा धरला जातो का आणि हंगामात मुले शाळेत राहतात का, हे निकषही तितकेच आवश्यक आहेत. यांपैकी पहिल्या तीन गोष्टींसाठी २ टक्के निधीची गरज लागत नाही. त्यासाठी कामावर ठेवणाऱ्याने आपल्यासाठी काम करणाऱ्याची जबाबदारी मान्य करणे पुरेसे असते.